सामूहिक कव्हर

पूर्वी गाजलेले लोकप्रिय गीत अनेक कलावंतांनी ओळी, कडवी वा वाद्यभाग आपापसांत वाटून घेऊन नव्याने ध्वनिमुद्रित करण्याची पद्धत. मूळ गायक त्यात असू शकतो, पण गाणे त्याच्या एकट्याच्या हाती राहत नाही. या वाटणीमुळेच ही पद्धत साध्या कव्हरपासून (एकाचे गाणे दुसऱ्याने नव्याने गाण्यापासून) वेगळी ठरते. दोघांनी मिळून गायिलेले जुने गाणेही काही जण यात धरतात. डेव्हिड बोवी आणि मिक जॅगर यांनी 1985 साली गायिलेले ‘डान्सिंग इन द स्ट्रीट’ (मूळ 1964) हे त्याचे नेहमीचे उदाहरण. त्याला युगुलगीत म्हणणेच अधिक योग्य.

कव्हर ही संज्ञा अमेरिकेतील ध्वनिमुद्रिका-व्यवसायात बहुधा 1940 च्या दशकात रुळली. एका कंपनीचे गाणे चालू लागले की दुसरी कंपनी तेच गाणे आपल्या गायकाकडून घाईने गाऊन घेई आणि बाजारात उतरवी. फॅट्स डॉमिनो यांचे ‘एन्ट दॅट अ शेम’ 1955 साली पॅट बून यांनी गायिले. कृष्णवर्णीय गायकांची गाणी गोऱ्या गायकांच्या आवाजात खपवण्याच्या त्या काळच्या प्रथेचा दाखला म्हणून ते आजही दिले जाते. थोडक्यात, कव्हरचा उगम स्पर्धेतला आहे. सहकार्याचा अर्थ त्याला पुढे चिकटला.

सामूहिक कव्हरचा आरंभ कोठून धरायचा, याबाबत एकवाक्यता नाही. ‘मेट्रोनोम’ या अमेरिकन मासिकाच्या वाचक-कौलात निवडून आलेले जॅझ वादक 1939 पासून एकत्र ध्वनिमुद्रण करीत, म्हणून काही जण इतके मागे जातात. मात्र जॅझमध्ये प्रचलित धून पुन्हा वाजवणे हीच मुळात रीत होती, त्यामुळे तिथे कव्हर ही कल्पना नीट लागू पडत नाही. दुसरा पक्ष 1984 च्या ‘डू दे नो इट्स ख्रिसमस?’पासून सुरुवात धरतो. इथिओपियातील दुष्काळग्रस्तांसाठी बॉब गेल्डॉफ आणि मिज युर यांनी ते लिहिले आणि एकेका गायकाला एकेक ओळ देण्याची घडी त्याने बसवली, हे खरेच. पण ते गाणे नवे होते. 1989, 2004 आणि 2014 मध्ये ते पुन्हा ध्वनिमुद्रित झाले, त्या आवृत्त्या तेवढ्या या नोंदीच्या कक्षेत येतात.

काटेकोर व्याख्या लावल्यास 1985 चे ‘यू विल नेव्हर वॉक अलोन’ अधिक पटते. इंग्लंडमधील ब्रॅडफर्डच्या फुटबॉल मैदानात 11 मे 1985 रोजी लागलेल्या आगीत 56 जण दगावले. त्यांच्यासाठी निधी उभारायला ‘द क्राउड’ या नावाखाली अनेक कलावंत एकत्र आले. गाणे मूळचे 1945 च्या एका संगीतिकेतले. जेरी मार्सडेन यांनी 1963 मध्ये ते आपल्या बँडसह ब्रिटिश क्रमवारीत पहिल्या स्थानावर नेले होते. बावीस वर्षांनी या मेळ्यातही मार्सडेनच पुढे होते आणि गाणे पुन्हा पहिले आले. यानंतर दुर्घटना घडली की जुने गाणे घ्यायचे हा ब्रिटनमध्ये परिपाठच झाला : बेल्जियमच्या झेब्रुग बंदराजवळच्या बोट-अपघातानंतर ‘लेट इट बी’ (1987), हिल्सबरो या फुटबॉल मैदानातील चेंगराचेंगरीनंतर ‘फेरी क्रॉस द मर्सी’ (1989), लंडनमधील ग्रेनफेल इमारतीच्या आगीनंतर ‘ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर’ (2017). कारण उघड आहे. शब्द-चाल सगळ्यांना पाठ असल्याने तालीम फारशी लागत नाही आणि ध्वनिमुद्रिका थोड्या दिवसांत बाहेर पडते.

कलादृष्ट्या निर्णायक टप्पा मात्र ‘परफेक्ट डे’चा (1997) मानावा लागतो. लू रीड यांचे 1972 चे हे उदासवाणे गीत बीबीसीने आपल्या प्रसिद्धिपटासाठी ओळी-ओळींत तोडले. त्यात रीड स्वतः, बोवी, एल्टन जॉन, कंट्री-गायिका टॅमी वायनेट, टॉम जोन्स, रेगे-गायक बर्निंग स्पिअर, तसेच ऑपेरा-गायिका लेस्ली गॅरेट यांचे आवाज एकामागून एक येतात. शैलींमधला फरक झाकण्याऐवजी तोच श्रोत्यापुढे ठेवला, हे त्याचे नवेपण. मूळ गाण्यातील संदिग्ध विषाद मात्र या थाटात बराचसा विरला.

दूरस्थ, म्हणजे आपापल्या ठिकाणी राहून भाग टिपण्याच्या, पद्धतीचा प्रसार पुढच्या दशकातला. ‘प्लेइंग फॉर चेंज’ प्रकल्पात मार्क जॉन्सन यांनी कॅलिफोर्नियातील सँटा मोनिका येथे रॉजर रिडली या रस्त्यावरच्या गायकाचे ‘स्टँड बाय मी’ (मूळ 1961) टिपले. मग तेच कानाला लावून देशोदेशींच्या कलावंतांनी त्यावर आपापले भाग चढवले. ती चित्रफीत 2008 मध्ये आंतरजालावर आली. 2020 च्या टाळेबंदीत ब्रिटनमध्ये ‘टाइम्स लाइक धीज’ हे गाणे गायक-वादकांनी घरोघरी बसून याच रीतीने पुरे केले.

तंत्राच्या बाजूने पहिली अडचण पट्टीची. पुरुष व स्त्री आवाजांना एकच पट्टी क्वचितच सोयीची पडते. म्हणून संयोजक खालच्या ओळी एकाला, चढत्या ओळी दुसऱ्याला देतो किंवा मध्येच पट्टी बदलतो. गाण्याचा कळस कुणाच्या वाट्याला येणार, हे पुष्कळदा यावरच ठरते. दुसरी अडचण कालविलंबाची. ध्वनी सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, त्यामुळे तीन मीटरवरच्या सहवादकाचा सूर सुमारे 9 मिलिसेकंदांनी पोहोचतो आणि ते जाणवत नाही. विलंब 25–30 मिलिसेकंदांपलीकडे गेला की लय मागे ओढली जाऊ लागते. आंतरजालावर तो सहज याहून जास्त होतो, म्हणून प्रत्येक जण ठोक्यांसह आलेल्या मार्गदर्शक ट्रॅकवर स्वतंत्रपणे गातो आणि सगळे मागाहून जुळवले जाते. जुळवणीसाठी आरंभी टाळी वाजवून घेतात. तरीही गफलती होतात. 48 किलोहर्ट्झवर (म्हणजे सेकंदाला ध्वनीचे 48 हजार नमुने घेऊन) टिपलेली फाइल 44.1 किलोहर्ट्झची समजून वाजवली, तर ती जवळजवळ दीड अर्धस्वराने उतरते आणि सुमारे नऊ टक्के लांबते. अशा वेळी नवखे लोक गायकाला बेसूर ठरवून मोकळे होतात.

कायद्याने कव्हर करण्याची मुभा देशोदेशी वेगळी आहे. अमेरिकेत 1909 च्या कायद्यापासून सक्तीचा परवाना आहे. ठरलेले मानधन भरल्यास रचनाकाराची संमती लागत नाही. संयोजन आपल्या शैलीत बसवता येते, पण मूळ चाल व गाण्याचे स्वरूप पालटता येत नाही. ब्रिटनमधील तसा परवाना 1988 च्या कायद्याने संपला. सामूहिक कव्हरमध्ये नवी ओळ किंवा रॅप घालण्याची हौस मोठी असते (2017 च्या ‘ब्रिज’चा आरंभच स्टॉर्म्झी यांच्या रॅपने होतो) आणि अशा भरीला सक्तीचा परवाना पुरत नाही. चित्रफितीसाठी जुळणीचा, म्हणजे गाणे चित्राला जोडण्याचा, हक्क निराळा घ्यावा लागतो.