रेसिप्रोकल

रेसिप्रोकल : एकाने दिले वा केले, त्याच्या बदल्यात दुसऱ्यानेही तसेच देणे वा करणे, हा संबंध दर्शविणारे इंग्रजी विशेषण.

हा शब्द लॅटिन ‘रेकिप्रोकुस’वरून आला. त्या लॅटिन शब्दाची फोड मात्र तितकी निश्चित नाही. ‘रे’ (मागे) आणि ‘प्रो’ (पुढे) या घटकांना प्रत्यय लागून ‘मागे-पुढे जाणारा’ असा अर्थ सिद्ध झाला असावा, असे सामान्यतः मानतात. प्लिनीसारख्या रोमन लेखकांनी हा शब्द भरती-ओहोटीच्या पाण्याला लावला आहे, हे लक्षात घेता ही उपपत्ती ग्राह्य वाटते. इंग्रजीत तो सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आढळतो. 1570 मध्ये प्रसिद्ध झालेल्या युक्लिडच्या इंग्रजी भाषांतरात तो व्यस्त प्रमाणातील आकृत्यांसाठी आला असून, 5 आणि 1/5 यांसारख्या ‘गुणाकार व्यस्त’ संख्यांचा अर्थ त्याच गणिती वापराशी जुळणारा आहे.

‘म्युच्युअल’ हे विशेषण याच्या जवळचे असले तरी त्यात भावना वा हितसंबंध दोघांना सामायिक असण्यावर भर असतो. ‘रेसिप्रोकल’मध्ये क्रियेला उलट क्रियेने मिळणारा प्रतिसाद महत्त्वाचा. संस्कृत व्याकरणात या अर्थाला ‘कर्मव्यतिहार’ ही नेमकी संज्ञा पाणिनीपासून आहे. एकमेकांचे केस धरून केलेल्या भांडणाला ‘केशाकेशि’ म्हणतात, आणि मराठीतील मारामारी, ओढाओढी ही रूपे त्याच घडणीची आठवण करून देतात.

भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 2(च) नुसार, जी वचने एकमेकांचा मोबदला किंवा मोबदल्याचा भाग असतात ती ‘रेसिप्रोकल’ वचने होत. माल पोचताच पैसे द्यायचे ठरले असेल आणि खरेदीदार पैसे द्यायला तयार व राजी नसेल, तर कलम 51 नुसार विक्रेत्यावर माल देण्याचे बंधन राहत नाही.

व्यापारात अमेरिकेच्या 1934 च्या कायद्याने परस्पर सवलतीच्या करारांतून आयातशुल्क घटविण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना दिला. 2 एप्रिल 2025 रोजी त्याच देशाने जाहीर केलेल्या ‘रेसिप्रोकल’ शुल्काचे दर मात्र समोरच्या देशाच्या शुल्कावरून नव्हे, तर मुख्यतः व्यापारतुटीवरून काढलेले होते. त्यामुळे तेथे या विशेषणाचा मूळ अर्थ फार ताणला गेला, असे म्हणावे लागते.

मराठी प्रतिशब्द म्हणून ‘परस्पर’ सर्रास वापरला जातो, पण तो जपून योजावा. ‘परस्पर सहकार्य’ यात अडचण नाही; ‘भावाने जमीन परस्पर विकली’ या वाक्यात मात्र त्याच शब्दाचा अर्थ इतरांना न विचारता, असा होतो. म्हणून करारपत्रात ‘परस्पर हस्तांतरण’ असे मोघम न लिहिता ‘दोन्ही पक्षांनी एकमेकांना करावयाचे हस्तांतरण’ असे लिहिणे अधिक सुरक्षित. व्याकरणात ‘अन्योन्यवाचक’ ही संज्ञा अधिक नेमकी आहे.