पोर्टेबल शेल स्क्रिप्ट

लिनक्स, फ्रीबीएसडी, मॅकओएस, सोलारिस अशा युनिक्स कुळातल्या निरनिराळ्या प्रणालींवर काहीही न बदलता चालणारी शेल स्क्रिप्ट, म्हणजे शेल या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामसाठी फाइलीत लिहून ठेवलेल्या आज्ञा. या प्रणालींत आज्ञांची नावे सारखी असली तरी त्यांना जोडायचे पर्याय (-एन, -आय यांसारखे) वेगळे असतात. त्यामुळे जळगावात उबुंटू या लिनक्सवर लिहिलेली स्क्रिप्ट धुळ्यात मॅकवर अडू शकते.

स्टीफन बोर्न यांचे शेल १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीसोबत आले. पुढे कॉर्न, बॅश या शेलांनी सोयी वाढवल्या आणि १९९२ च्या पॉझिक्स मानकाने शेल व आज्ञांचा समाईक गाभा ठरवून दिला. स्क्रिप्ट त्या गाभ्याबाहेर जाऊ न देणे, हेच सगळ्यात महत्त्वाचे. पहिल्या ओळीत #!/बिन/एसएच (म्हणजे ‘एसएच या शेलमध्ये चालव’) लिहायचे आणि आत [[ ]] किंवा अ‍ॅरे वापरायचे, ही नेहमीची चूक; या सोयी गाभ्यात नाहीत, बॅशसारख्या शेलांत आहेत. उबुंटूने २००६ मध्ये एसएचच्या जागी बॅशऐवजी डॅश हे बहुतांशी गाभ्यापुरते, लहान शेल बसवले तेव्हा अशा स्क्रिप्ट बंद पडल्या. दोष स्क्रिप्टचाच होता.

ओळ न मोडता मजकूर छापण्यासाठी दिलेला एको -एन काही शेलांत ‘-एन’ ही अक्षरेच छापतो, म्हणून प्रिंटएफ वापरावे. फाइलीतला मजकूर जागीच बदलणारा सेड -आय जीएनयूत (लिनक्सवर सहसा असणाऱ्या आज्ञांच्या संचात) नुसता चालतो, मॅकवर त्यापुढे जुन्या प्रतीच्या नावाचा प्रत्यय द्यावाच लागतो, रिकामा का होईना. त्यापेक्षा तात्पुरत्या फाइलीत लिहून ती एमव्हीने मूळ फाइलीच्या जागी ठेवणे बरे.

मराठी मजकूर आला की खरी कसोटी लागते, आणि इंग्रजी पुस्तकांत याची चर्चा क्वचितच असते. समजा, केळीच्या भावांच्या फाइलीत गावाचे नाव ‘रावेर’ आहे. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत ते ५ वर्णसंकेतांचे (र, काना, व, मात्रा, र), पण १५ बाइटांचे. ओळीतला भाग कापून देणाऱ्या कटला -सी १-३ (पहिले तीन वर्ण) दिल्यावर मॅकवर, लोकेल (प्रणालीची भाषा-मांडणी) यूटीएफ-८ असेल तर, ‘राव’ मिळते. जीएनयूच्या कटच्या बहुतेक आवृत्त्या मात्र बाइट मोजतात आणि नुसता ‘र’ हाती देतात. १-४ दिले तर पुढचा काना अर्धवट तुटून कचरा उमटतो. म्हणून रावेर, यावल, चोपडा अशी नावे असलेल्या फाइलीत स्तंभ स्वल्पविरामाने वेगळे ठेवावेत आणि कट -डी (विभाजक चिन्ह), -एफ (स्तंभ) वापरावे. स्वल्पविराम एकाच बाइटाचा असल्याने सगळीकडे सारखेच तुटते.

तपासणीसाठी शेलचेक उपयोगी आहे. हे साधन मुख्यतः शेलच्या भाषेतल्या चुका दाखवते, आज्ञांच्या पर्यायांतले फरक सहसा नाही. लिनक्सवर डॅशमध्ये चालवून पाहणेही पुरत नाही, कारण शेल बदलले तरी आज्ञा जीएनयूच्याच राहतात. फ्रीबीएसडी विनामूल्य मिळते. ते आभासी यंत्रात टाकून स्क्रिप्ट तिथेही चालवावी.