मातृवंदना योजना: अर्ज भरला, मग पैसे का अडले?

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळंतपणाला ५,००० रुपये मिळतात. गरोदरपणाची वेळेत नोंदणी आणि एक तपासणी झाली की ३,०००; बाळाची जन्मनोंद आणि १४ आठवड्यांपर्यंतच्या लसी झाल्या की २,०००. दुसरं अपत्य मुलगी असेल तर ६,००० एकरकमी. अर्ज आशाताई किंवा अंगणवाडीताई भरून देतात.

वय १८ वर्षे ७ महिने पूर्ण हवं. अन्नसुरक्षेचं रेशन कार्ड, ई-श्रम, आयुष्मान, रोजगार हमीचं जॉब कार्ड, अनुसूचित जाती-जमातीचा दाखला, आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाचा दाखला, यांपैकी एकच कागद पुरतो. तरी रेशन कार्ड हातात असलेल्या बाईला उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलला पिटाळणारे महाभाग आहेतच. नवऱ्याचं आधारही आता सक्तीचं नाही.

अर्जाच्या मुदतीत मात्र भलेभले चुकतात. पहिल्या बाळासाठी ५७० दिवस आहेत, पण ते शेवटच्या पाळीच्या तारखेपासून. जन्मापासून मोजाल तर फसाल; बाळंतपणानंतर हातात जेमतेम साडेनऊ महिने उरतात. दुसऱ्या मुलीसाठी २७० दिवस, आणि ते जन्मतारखेपासून. माता-बाल संरक्षण कार्डावर पाळीची तारीख अंदाजे टाकलेली असेल तर पहिल्याच भेटीत नीट करून घ्या.

बरेच अर्ज बँक खात्यापाशी अडकतात. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे काम झालं असं नाही. आधारशी डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, एकच खातं जोडलेलं असतं आणि पैसे तिथेच जातात, मग ते कॉलेजात शिष्यवृत्तीसाठी उघडून विसरलेलं का असेना. म्हणून बँकेत ‘डीबीटीसाठी आधार सीडिंग करा’ असंच सांगा. खातं बाईच्याच नावावर हवं.

नावाचंही तेच. आधारवर माहेरचं नाव असेल तर अर्जातही माहेरचंच लिहा.

पहिलं बाळंतपण बहुधा माहेरी होतं, आणि मग दुसरा हप्ता लटकतो. जन्मनोंद जिथे बाळ जन्मलं त्या गावच्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत होते. सासरी कितीही हेलपाटे घातले तरी दाखला मिळणार नाही. २१ दिवसांच्या आत नोंद करा. नाव ठरलं नसेल तरी अडत नाही, बारशाची वाट बघू नका. माहेरी किंवा खासगी दवाखान्यात दिलेला प्रत्येक डोस कार्डावर चढवून घ्या. कोऱ्या रकान्यावर हप्ता निघत नाही.

बाईची बुडालेली मजुरी थोडी भरून निघावी आणि तिला बाळाजवळ राहून अंगावर पाजता यावं, यासाठी हे पैसे आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिन्यांखालची ६३.७ टक्केच बाळं निव्वळ आईच्या दुधावर होती. १४ आठवड्यांच्या डोसला गेलात की ‘वरचं काय देता?’ असं सिस्टर विचारतील. मध, घुटी देत असाल तर लपवू नका, बंद करा. सहा महिने पाणीसुद्धा नको, उन्हाळा असला तरी.