क्विल्ट शोमधल्या लेबलवर दोन नावं का असतात

मैत्रिणीबरोबर ह्यूस्टनचा क्विल्ट फेस्टिव्हल बघून आले, नुसते फोटो टाकून मोकळी झाले असते, पण तिथे तिने एक प्रश्न विचारला आणि त्याचं उत्तर द्यायला मला पार दोनशे वर्षं मागे जावं लागलं. कितीतरी क्विल्ट्सच्या शेजारच्या लेबलवर दोन-दोन नावं होती, तुकडे जोडणारी वेगळी आणि क्विल्टिंग करणारी वेगळी. ती म्हणाली, "अगं, एका गोधडीला दोन बायकांची नावं? आपल्याकडे तर एकीचंही नसतं."

आधी कामाचं सांगते. क्विल्ट म्हणजे तीन थर, वरचा तुकड्या-तुकड्यांचा, मधलं बॅटिंग म्हणजे ऊब देणारा भराव, आणि खालचं अस्तर. तुकडे जोडून वरचा थर करणं हे एक काम आणि तिन्ही थर टाके घालून एकत्र धरणं हे दुसरं. आपली गोधडी एकाच बैठकीत दोन्ही उरकते, जुनं लुगडं पसरलं, वर धोतर, वर ठिगळं, आणि धावदोरा सुरू. तिकडे आता बऱ्याच जणी वरचा थर स्वतः करतात आणि पुढचं काम लाँगआर्म मशीन (तिन्ही थर एकत्र शिवणारं मोठं मशीन) असलेल्या बाईकडे पैसे देऊन पाठवतात. मोठ्या शोमध्ये मग दोघींचीही नावं लिहावी लागतात. ही शिस्त दिसायला फार साधी आहे पण ती नव्हती तेव्हा काय काय झालंय ते ऐका.

क्विल्ट चारचौघात लटकवायची सुरुवात शेतकी जत्रांमधून झाली. १८०७ मध्ये मॅसेच्युसेट्समधल्या पिट्सफील्ड गावात एल्काना वॉटसन नावाच्या माणसाने आपल्या दोन मेरिनो मेंढ्या चौकात बांधून लोकांना दाखवल्या, त्यातून पुढे दरवर्षी जनावरांचं प्रदर्शन भरायला लागलं आणि बायकाही याव्यात म्हणून घरी विणलेल्या-शिवलेल्या कापडाला बक्षिसं सुरू झाली. म्हणजे बैल, भोपळे आणि क्विल्ट, सगळं एकाच जत्रेत आणि सगळ्यांना रिबिनी! आजही अमेरिकेतल्या काउंटी फेअरमध्ये हेच चालतं. त्या काळच्या श्रीमंत घरांतल्या क्विल्ट्सवर बरेचदा हिंदुस्थानातून आलेल्या छिटाची फुलं कापून लावलेली असायची बरं का, कोरोमंडल किनाऱ्यावरचं कापड, जे इंग्लंडने स्वतःच्या विणकरांना वाचवायला १७२१ मध्ये कायदा करून बंद केलं होतं आणि १७७४ पर्यंत ती बंदी टिकली. ज्यांनी ते रंगवलं त्यांची नावं अर्थातच कुठे नाहीत.

नाव राहिलं अशी एक गोष्ट मात्र आहे आणि ती मला सगळ्यात जास्त लागते. हॅरिएट पॉवर्स, जन्म १८३७, जॉर्जियात गुलामगिरीतच जन्मलेली. तिने बायबलमधल्या गोष्टींचे ११ चौकोन असलेली एक क्विल्ट केली आणि १८८६ मध्ये अथेन्स गावच्या कापूस जत्रेत लावली. जेनी स्मिथ नावाची एक गोरी चित्रकला शिक्षिका ती बघून वेडी झाली, विकत मागितली, हॅरिएटने साफ नाही म्हणून सांगितलं. पुढे चार-पाच वर्षांत घरची परिस्थिती बिघडली तेव्हा ती स्वतःच क्विल्ट घेऊन आली, १० डॉलर मागितले, ५ मिळाले. देताना तिने एकेक चौकोन काय आहे ते नीट समजावून सांगितलं, जेनीने ते लिहून घेतलं, आणि नंतर हॅरिएट आपली क्विल्ट बघायला परत परत त्या घरी जायची. आज ती क्विल्ट वॉशिंग्टनला स्मिथसोनियनमध्ये आहे आणि दुसरी एक बोस्टनच्या म्युझियममध्ये. मला या व्यवहाराचा राग येतो, पण हेही खरं की जेनीने लिहून घेतलं नसतं तर कुणीतरी केलेली एक जुनी चादर एवढंच उरलं असतं. तशा हजारो उरल्याच.

आता १९३३. मंदीचा काळ, शिकागोत जागतिक मेळा भरणार होता आणि सिअर्स या मोठ्या दुकानदार कंपनीने त्यानिमित्त राष्ट्रीय क्विल्ट स्पर्धा जाहीर केली, पहिलं बक्षीस १,००० डॉलर. त्या दिवसांत हजार डॉलर म्हणजे कित्येक घरांची वर्षभराची कमाई, त्यामुळे २४ हजारांच्या वर क्विल्ट्स आल्या, खूप जणींनी तर मेळ्याच्या विषयावर खास विमानं आणि उंच इमारती काढून नवीन डिझाइनं केली, आणि परीक्षकांनी पहिलं बक्षीस दिलं एका नीटनेटक्या पारंपरिक नमुन्याला. केंटकीच्या लेक्सिंग्टनमधल्या मार्गारेट रॉजर्स केडनला. क्विल्ट नंतर राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलेनॉर रूझवेल्ट यांना भेट दिली गेली. गंमत (गंमत कसली) अशी की केडनबाईंनी ती शिवलीच नव्हती. तुकडे जोडणाऱ्या, क्विल्टिंग करणाऱ्या बायका वेगळ्या होत्या, त्यांना ठरलेली मजुरी मिळाली आणि बक्षिसातला एक डॉलरही नाही. त्या तक्रार तरी कशी करणार, मंदीत हातचं काम गेलं असतं. कितीतरी दशकांनी क्विल्टच्या अभ्यासकांनी जुन्या लोकांना भेटून हे सगळं बाहेर काढलं, आणि ती क्विल्ट आज कुठे आहे त्याचा पत्ता नाही. मैत्रिणीला मी हे सांगितल्यावर ती लेबलकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागली.

दुसऱ्या महायुद्धानंतर क्विल्ट मागे पडली, तयार ब्लँकेट स्वस्तात मिळायला लागली आणि हाताने शिवलेलं म्हणजे गरिबाचं असा शिक्का बसला. तो पुसला एका जोडप्याने. जोनाथन होल्स्टीन आणि गेल व्हॅन डर हूफ हे जुन्या बाजारातून क्विल्ट्स गोळा करत होते, आणि १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये साधारण ६० क्विल्ट्स त्यांनी मॉडर्न पेंटिंगसारख्या पांढऱ्या भिंतींवर लावल्या. लोक तुटून पडले. पण त्या निवडताना रंग आणि आकार पाहिले होते, शिवणारी कोण हा प्रश्नच फारसा नव्हता, बहुतेक क्विल्ट्स निनावीच. दोन वर्षांत, १९७३ मध्ये चित्रकार पॅट्रिशिया मेनार्डीने लेख लिहून अशा कलावाल्यांना चांगलंच झापलं, की बायका आपल्या क्विल्टवर नाव आणि तारीख घालत आल्यात, तुम्ही बघत नाही तो भाग वेगळा. माझं मत विचाराल तर दोघांचंही बरोबर आहे, भिंतीवर लागली नसती तर म्युझियमं जागी झाली नसती. होल्स्टीनचा तो संग्रह आता नेब्रास्कात लिंकनच्या क्विल्ट म्युझियममध्ये आहे.

पुढचं भराभर. १९७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याला २०० वर्षं झाली आणि घरोघरी आजीची क्विल्ट पेटीतून बाहेर आली. ह्यूस्टनचा शो त्याच्या थोडा आधी, १९७४ मध्ये, कॅरी ब्रेसेनहन नावाच्या बाईने आपल्या दुकानाच्या गिऱ्हाइकांसाठी सुरू केला होता, तोच वाढत वाढत आता कन्व्हेन्शन सेंटरमध्ये भरतो. १९७९ मध्ये जपानच्या ओल्फा कंपनीने फिरत्या पात्याचा कटर काढला आणि कात्रीने तासन् तास कापायचं काम मिनिटांवर आलं. मग स्टॉल, क्लास, कापडाचे गठ्ठे, सगळा बाजार. पांढरे हातमोजे घातलेले स्वयंसेवक तेवढे मला फार आवडतात, आपण हात लावायचा नाही, त्यांना सांगायचं, मग ते कोपरा उलटून मागचे टाके दाखवतात आणि खरी कारागिरी मागेच कळते.

एक क्विल्ट मात्र मुळात नावांसाठीच झाली, एड्स मेमोरियल क्विल्ट. सॅन फ्रान्सिस्कोत १९८५ च्या नोव्हेंबरमध्ये मेणबत्ती मोर्चात लोकांनी एड्सने गेलेल्यांची नावं पुठ्ठ्यांवर लिहून सरकारी इमारतीच्या भिंतीवर चिकटवली, आणि क्लीव्ह जोन्स या कार्यकर्त्याला ती भिंत क्विल्टसारखी दिसली. ११ ऑक्टोबर १९८७ ला वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर गेलेल्यांच्या नावांचे १,९२० तुकडे अंथरले गेले, प्रत्येक ३ बाय ६ फूट, म्हणजे साधारण एका कबरीएवढा.

आणि मग जीझ बेंड. अलाबामा नदीच्या वळणात अडकलेलं काळ्या लोकांचं गाव, अर्ध्या गावाचं आडनाव पेटवे, जे त्यांच्या पूर्वजांना गुलाम म्हणून राबवणाऱ्या मालकाचं. आडनावसुद्धा दुसऱ्याचं! इथल्या बायका शेतात घालून विरलेल्या जीन्स आणि शर्टांच्या क्विल्ट्स करायच्या, थंडीसाठी, दाखवायला नाही. १९६० च्या दशकात लोक मतदार नोंदणीला नदीपलीकडे जायला लागले तर फेरीबोट बंद झाली, ती २००६ मध्ये पुन्हा सुरू झाली. १९६६ मध्ये याच भागात बायकांची क्विल्टिंग सहकारी संस्था निघाली, तिला १९७२ मध्ये सिअर्सकडून कॉर्डरॉयच्या उशीच्या अभ्र्यांचं काम मिळालं (हो, तीच सिअर्स) आणि उरलेल्या कॉर्डरॉयच्या पट्ट्या घरच्या क्विल्ट्समध्ये गेल्या. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या फाइन आर्ट्स म्युझियममध्ये प्रदर्शन, मग व्हिटनी, या वेळी प्रत्येकीच्या नावासकट. २००६ मध्ये पोस्टाची तिकिटं निघाली. पण नाव लागलं म्हणजे पैसा मिळाला असं नव्हे, २००७ मध्ये काही जणींनी त्यांच्या क्विल्ट्स विकत घेणाऱ्या संग्राहकावर खटले भरले, पुढच्या वर्षी ते तडजोडीने मिटले. आता तिथल्या डिझाइनच्या हक्कांचे पैसे बायकांपर्यंत जावेत अशी व्यवस्था करणारी संस्था आहे.

आपल्या जवळचं उदाहरण सिद्दी बायकांच्या कवंदीचं, म्हणजे त्यांच्या गोधडीचं. पोर्तुगीजांनी गोव्यात गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांपैकी काही घाट चढून जंगलात पळाले, त्यांचे वंशज आज उत्तर कन्नडमध्ये यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड भागात आहेत, कोकणी बोलतात. त्यांची कवंदी कडेपासून सुरू होते आणि टाके फिरत फिरत मध्याकडे येतात, चारही कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाची फुलं हवीच, नाहीतर कवंदी उघडी राहिली म्हणतात. २००४ मध्ये हेन्री ड्रूअल या अमेरिकी प्राध्यापकाच्या मदतीने त्यांची सहकारी संस्था उभी राहिली, २०११ मध्ये न्यूयॉर्कला हार्लेममध्ये प्रदर्शनही झालं. आता अमेरिकेत कवंदीचे क्लास चालतात, शिकवणारीने सिद्दींचं नाव घेतलं की मला बरं वाटतं, कारण न घेताही शिकवता येतं.

मैत्रिणीने आल्या आल्या दोन जुन्या साड्या काढून ठेवल्यात आणि आम्ही दोघी मिळून एक गोधडी करणार आहोत, फक्त मध्ये काय घालायचं यावर अजून जमत नाहीये, ती म्हणते पॉलिस्टर बॅटिंग हलकं, मशीनमध्ये धुता येतं, आणि मी म्हणते जुनं धोतर किंवा आणखी एक साडी, पण अमेरिकेत जुनं धोतर आणायचं कुठून ते तूच सांग असं म्हणून ती मला गप्प करते.