जो मॅटवर उतरलाच नव्हता

अमेरिकेतल्या हायस्कूलची कुस्ती सहा मिनिटांची असते, दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या. तेवढ्या वेळात दोन पोरं कपाळाला कपाळ भिडवून, एकमेकांच्या मानेत हात घालून झुंजतात. एकाने सोडलेला श्वास दुसऱ्याच्या छातीत जातो. तोंड फिरवायची सोय नसते, कारण नजर हलली की समोरचा पट काढतो.

डिसेंबर २०२०च्या सुरुवातीला फ्लोरिडात अशा दोन शालेय स्पर्धा झाल्या. दहा शाळांचे पैलवान, प्रशिक्षक आणि पंच मिळून सुमारे १३० जण. त्यातल्या ५४ जणांची चाचणी झाली आणि ३८ जण कोरोनाबाधित निघाले. मग त्यांच्या संपर्कात आलेल्यांची यादी केली, ती ४४६ नावांवर गेली. त्यातल्या ९५ जणांनी चाचणी करून घेतली, ४१ बाधित. विलगीकरणापायी मुलांचे मिळून शाळेचे सुमारे १,७०० दिवस बुडाले. आणि संपर्कातल्या, पन्नाशी ओलांडलेल्या एका व्यक्तीचा मृत्यू झाला. ती व्यक्ती कुस्ती खेळायला गेली नव्हती.

या सगळ्या आकड्यांत मी अडकतो तो या शेवटच्या एका माणसापाशी. त्या वर्षी घरोघरी वाद चालायचा तो 'मुलांना खेळू द्यायचं की नाही' असा. मुलांना हा आजार बहुतेक वेळा सौम्यच होतो, हे खरं होतं. पण धोका मोजताना आपण फक्त खेळणाऱ्याचा धोका मोजत होतो. शिवाय सराव, सामना आणि स्पर्धा या तिन्ही गोष्टी आपण एकाच मापाने मोजत होतो.

हिशेब अगदी साधा आहे. समजा, गावात शंभरात एकाला नकळत संसर्ग आहे. रोजच्या सरावाला तीच बावीस मुलं येत असतील, तर त्यांच्यात किमान एक बाधित असण्याची शक्यता साधारण २० टक्के. तेच १३० जण एका छताखाली जमले, की ती ७३ टक्क्यांवर जाते. आजाराचा गावातला फैलाव तोच, खेळ तोच, बदलली ती गर्दी. आणि दहा शाळांमधून आलेली मुलं संध्याकाळी दहा दिशांना परत जातात, हे या हिशेबात अजून धरलेलंच नाही.

दुसरी गोष्ट श्वासाची. निवांत बसलेला माणूस मिनिटाला सहा-आठ लिटर हवा आत-बाहेर करतो. जीव तोडून पळताना हेच माप शंभर लिटरच्या आसपास जातं. म्युनिकच्या संशोधकांनी १६ निरोगी व्यक्तींना सायकल मारायला लावून त्यांच्या उच्छ्वासातले सूक्ष्म कण मोजले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या मोजणीत विश्रांतीच्या वेळी मिनिटाला सरासरी ५८० कण होते, तर दमछाक होईपर्यंत व्यायाम केल्यावर तब्बल ७६,२०० म्हणजे १३२ पट. गंमत अशी की ही वाढ सरळ रेषेत होत नाही. हलक्या व्यायामात आकडा फारसा हलत नाही, मध्यम श्रमाच्या पुढे गेलं की एकदम उसळतो. म्हणजे हलकंफुलकं पळणं आणि जिंकण्यासाठी जीव पणाला लावणं, यांत विषाणूच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे.

हे कण जातात कुठे, यावर पुढचं सगळं ठरतं. जून २०२० मध्ये फ्लोरिडातच, टँपाजवळच्या बंदिस्त रिंकवर प्रौढांचा हौशी आइस हॉकीचा सामना झाला. २२ खेळाडू. त्यातल्या एकाला दुसऱ्या दिवशी ताप आला, आणि पाच दिवसांत १४ खेळाडू व रिंकवरचा एक कर्मचारी आजारी पडले. याउलट इंग्लंडमधल्या रग्बी लीगच्या चार सामन्यांत आठ बाधित खेळाडू नकळत खेळून गेले. रग्बी म्हणजे अंगावर अंग आदळण्याचा खेळ. चित्रफिती पाहून त्यांच्या अगदी जवळ आलेले २८ खेळाडू शोधले, पण मैदानावरच्या त्या झटापटीतून संसर्ग पसरल्याचा पुरावा मिळाला नाही. वर मोकळं आभाळ होतं.

मग घरीच बसवायचं का मुलांना? माझं उत्तर ठामपणे 'नाही' असंच आहे. साथीच्या आधीही जगातली ११ ते १७ वयाची ८१ टक्के मुलं पुरेशी हालचाल करत नव्हती, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीत दिसलं होतं. त्यांना दिवसातून तासभर तरी घाम गाळायला हवा. मैदान बंद झालं की त्या तासाबरोबर मित्र जातात, झोपेची वेळ जाते, उद्याची ओढ जाते. हे नुकसान रुग्णालयाच्या नोंदीत येत नाही, म्हणून ते कमी होत नाही.

मात्र स्पर्धा घ्यायचीच, तर तिची किंमत काय ते १९ वर्षांखालील क्रिकेट विश्वचषकाने दाखवलं. जानेवारी २०२२ मध्ये वेस्ट इंडीजमध्ये कर्णधार यश धुलसह भारताचे सहा खेळाडू विलगीकरणात गेले आणि आयर्लंडविरुद्ध मैदानात उतरायला जेमतेम अकरा जण उरले. आपले राजवर्धन हंगरगेकर आणि विकी ओस्तवाल त्याच संघात होते. पुढे भारताने चषक जिंकला. पण तिथे चाचण्या, स्वतंत्र खोल्या, बदली खेळाडू हे सारं हाताशी होतं. तालुक्याच्या शालेय स्पर्धेकडे यातलं काय असतं?

म्हणून साथीत माझा कौल असा: उघड्या मैदानावर आपल्याच गावच्या मुलांचा सराव खुशाल चालू द्यावा, बंद सभागृहातली, दहा शाळांची स्पर्धा मात्र संसर्ग ओसरेपर्यंत पुढे ढकलावी. कुस्तीच्या नोंदणी अर्जात मुलाचं वय आणि वजन विचारतात. अशा काळात त्याखाली आणखी एक ओळ हवी: घरी सोबत कोण कोण राहतं, आणि त्यांचं वय काय.