टपालाने स्वाक्षरीसंग्रह (निवृत्त बेसबॉलपटूंचा)

अमेरिकेतील निवृत्त बेसबॉलपटूंना घरच्या पत्त्यावर पत्र पाठवून त्यांची सही मिळवण्याचा छंद. संग्राहक त्याला ‘टीटीएम’ (थ्रू द मेल, म्हणजे टपालाने) म्हणतात. मैदानाबाहेर ताटकळण्यापेक्षा किंवा मेळाव्यात पैसे मोजून रांग लावण्यापेक्षा हा मार्ग स्वस्त, पण सबुरीचा. उत्तर आठवड्यात येते, वर्षाने येते किंवा येतच नाही. इंटरनेटपूर्वी खेळाडूंच्या पत्त्यांच्या छापील याद्या विकत मिळत.

पाकिटात असते ते थोडकेच: एक पानी पत्र, खेळाडूची एक-दोन कार्डे (त्याचे चित्र असलेली, संग्रहासाठी छापलेली) आणि स्वतःचा पत्ता घालून तिकीट लावलेले परतीचे पाकीट. हे शेवटचे विसरले तर उत्तराची आशा धरू नये. कार्ड दुमडू नये म्हणून पुठ्ठा घालतात. गुळगुळीत कार्डावर शाई धरत नाही, म्हणून आधी त्यावर बेबी पावडर हलकेच चोळून पुसतात. कार्ड नसेल तर तीन बाय पाच इंचांचे कोरे जाड कार्डही चालते. पत्र हाताने लिहिलेले असले तर बरे, आणि ‘तुम्ही माझे आवडते खेळाडू’ एवढ्यावर भागवू नये. एखादा ठराविक सामना किंवा फटका आठवून लिहिणाऱ्याला कधीकधी सहीसोबत चार ओळींचे उत्तरही मिळते. एकदम दहा कार्डे धाडणारा मात्र विक्रेता समजला जातो, आणि बहुधा तो असतोही.

खरी गोडी नामवंतांत नाही, तर दोन-तीन मोसम खेळून विसरल्या गेलेल्यांत आहे. अशी कार्डे छापणाऱ्या टॉप्स कंपनीच्या १९५२ च्या संचात ४०७ कार्डे आहेत. ती सगळी सहीनिशी जमवण्याचा ध्यास घेणाऱ्याला दिग्गजाइतकीच राखीव खेळाडूचीही गरज पडते. नवशिक्यांची एक फसगत इथेच होते: या कार्डांवर खेळाडूच्या सहीची प्रतिकृती मुळातच छापलेली आहे.

क्लीव्हलँडचे गोलंदाज बॉब फेलर (मृत्यू २०१०) यांनी इतक्या सह्या केल्या की त्यांची सही नसलेला चेंडूच दुर्मीळ, असा विनोद रूढ झाला. मिनेसोटाचे फलंदाज हार्मन किलब्रू नुसती सही करत नसत, तर तरुण खेळाडूंना ‘नाव वाचता येईल असे लिहा’ म्हणून दटावत. आजच्या अनेक गिरगटलेल्या सह्या पाहता ते दटावणे पुरेसे पडलेले दिसत नाही.

काही खेळाडू सहीसाठी शुल्क घेतात. कुणी ती रक्कम धर्मादाय संस्थेला देतो, कुणी स्वतःकडे ठेवतो. याला लोभ म्हणण्याआधी निवृत्तिवेतनाचा इतिहास पाहावा. १९८० पूर्वी पेन्शनसाठी मुख्य लीगमध्ये (मेजर लीग, म्हणजे सर्वोच्च व्यावसायिक स्तरावर) चार वर्षांची सेवा लागे. त्या वर्षापासून ती अट ४३ दिवसांवर आली, पण आधीच्यांना तिचा लाभ मिळाला नाही. १९४७ ते १९७९ या काळात कमी सेवा झालेल्या शेकडो खेळाडूंना २०११ पासून वर्षाला जास्तीत जास्त १०,००० डॉलरच्या आसपास मिळू लागले, तेही पुढे पत्नीकडे न जाणारे. अशा माणसाने सहीचे दहा डॉलर मागितले तर त्यात वावगे काही नाही.

टपालाने आलेली सही खरी मानण्याची रीत आहे, पण ती होताना कुणी पाहिलेली नसते. वाढत्या पत्रांना कंटाळून पत्नीने किंवा सचिवाने सही करणे, रबरी शिक्का मारणे, यंत्राने सही उमटवणे हे सगळे घडले आहे. दिग्गज फलंदाज बेब रूथच्या काळात त्याच्या यांकीज संघाचे ट्रेनर (खेळाडूंच्या शारीरिक तंदुरुस्तीची काळजी घेणारे) डॉक वुड्स त्याच्या नावाने चेंडूंवर सह्या करत, हे आता सर्वश्रुत आहे. सराईत बनावट हा मात्र बाजाराचा रोग. १९९० च्या दशकात एफबीआयने ‘ऑपरेशन बुलपेन’ चालवून सॅन डिएगो परिसरातली मोठी टोळी उघडकीस आणली. तिच्या मालात मदर तेरेसांची ‘सही’ असलेला बेसबॉलही निघाला. त्या मानाने परतीच्या पाकिटावरचा डाकेचा शिक्का बराच विश्वासार्ह, म्हणून अनेक जण ते पाकीटही जपून ठेवतात.

परदेशी संग्राहकाची अडचण वेगळीच असते. परतीच्या पाकिटाला अमेरिकी तिकिटेच लागतात, भारतीय तिकीट तिथे निरुपयोगी. पूर्वी यासाठी आंतरराष्ट्रीय उत्तर-कूपन (परदेशी टपाल कार्यालयात देऊन तिथले टपालमूल्य मिळवण्याचे कूपन) वापरत.  तिथल्या नातेवाइकाकडून किंवा तिकीटविक्रेत्याकडून तिकिटे मागवणे हाही एक व्यवहार्य उपाय आहे.