पेन क्लिनिकमध्ये मानसतज्ज्ञ आले कुठून?

पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयांत आता पेन क्लिनिक असतं. वर्षानुवर्षांची कंबरदुखी, नागीण बरी होऊनही मागे राहिलेली आग, कॅन्सरच्या कळा, असं काहीही घेऊन माणूस तिथे जातो. गोळ्या, इंजेक्शन, फिजिओथेरपी यांच्या खाली कागदावर कधीकधी आणखी एक ओळ असते : क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भेटा. ती वाचून बहुतेकांचा चेहरा उतरतो. ‘म्हणजे मी नाटक करतोय असं म्हणायचंय का यांना?’ हे पार्किंगपर्यंत जाताना घरच्यांना तीनदा विचारून होतं.

राग समजण्यासारखा आहे. ऑर्थो, न्यूरो, एमआरआय अशी वारी करून आलेल्या माणसाला ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत’ हे वाक्य दिलासा वाटत नाही, आरोप वाटतो. पण मानसशास्त्र या दालनात शिरलं ते दुखणं खोटं ठरवायला नव्हे. दुखणं खरं आहे आणि तरी ते जखमेच्या मापात बसत नाही, ही अडचण काही संशोधकांना सतावू लागली, तिथून ही गोष्ट सुरू होते. तिच्या मध्यभागी रोनाल्ड मेलझॅक हे कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ आहेत.

त्यांच्या आधीचं चित्र सरळ होतं. जितकी इजा तितकी वेदना. नस बातमी नेते, मेंदू ती ऐकतो. या चित्राला मोठा तडा गेला तो दुसऱ्या महायुद्धात. इटलीच्या आघाडीवर हेन्री बीचर हे अमेरिकन भूलतज्ज्ञ गंभीर जखमी पण शुद्धीवर असलेल्या सैनिकांना विचारत होते : दुखतंय का? औषध देऊ का? जवळजवळ तीन चतुर्थांश जणांना औषध नको होतं. हे निरीक्षण १९४६ साली छापून आलं. पुढे १९५६ मध्ये बीचर यांनी शस्त्रक्रिया झालेल्या साध्या नागरिकांशी तुलना केली. त्यांच्या जखमा आखीवरेखीव आणि मर्यादित, पण औषधाची मागणी कितीतरी जास्त. बीचर यांचा अर्थ असा : सैनिकाला ती जखम म्हणजे लढाईतून जिवंत सुटका होती, नागरिकाला मात्र शस्त्रक्रिया म्हणजे संकट.

मेलझॅक १९२९ साली माँट्रियलमध्ये जन्मले आणि तिथल्याच मॅकगिल विद्यापीठात डोनाल्ड हेब यांच्या हाताखाली शिकले. त्यांचं सुरुवातीचं काम कुत्र्यांवरचं आहे. स्कॉटिश टेरियर जातीची पिल्लं लहानपणापासून बंद पिंजऱ्यात, एकेकटी वाढवलेली. मोठी झाल्यावर बाहेर सोडलं तर ही कुत्री जळत्या काडीला नाक लावायची, मागे सरायची, आणि पुन्हा नाक लावायची. नसा शाबूत होत्या, बातमी पोहोचत होती. तिचं करायचं काय हे मात्र कुणी शिकवलेलं नव्हतं. १९५७ मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला. आज वाचताना त्या पिल्लांची दया येते, आणि आजची कोणतीही नीतिसमिती असा प्रयोग सहजी मंजूर करणार नाही.

तो निबंध निघायच्या आधी अमेरिकेत ऑरेगनमध्ये विल्यम लिव्हिंगस्टन या वेदना-संशोधकाकडे काम करताना मेलझॅक यांना एक वृद्ध बाई भेटल्या. मधुमेहापायी पाय कापावा लागलेला, आणि जो पाय उरलाच नव्हता तोच असह्य दुखायचा. बाई आपल्या वेदनेचं वर्णन मोठं चित्रमय करायच्या. मेलझॅक यांनी त्यांचे शब्द टिपायला सुरुवात केली, मग इतर रुग्णांचेही. अवयव गमावलेल्यांमध्ये असं दुखणं सर्रास आढळतं. पुण्यात लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे, त्यामुळे या शहराला ही तक्रार नवी नाही. नसलेल्या अंगठ्याला पेटका येतो तेव्हा ‘इजा किती झाली’ हा प्रश्नच उरत नाही. या कोड्याने मेलझॅक यांना आयुष्यभर सोडलं नाही.

मग एमआयटीमध्ये त्यांची गाठ पॅट्रिक वॉल या ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञाशी पडली. दोघांचा निबंध ‘सायन्स’ या साप्ताहिकात १९ नोव्हेंबर १९६५ रोजी आला. त्यातला सिद्धान्त ‘गेट कंट्रोल’ म्हणून ओळखला जातो. मज्जारज्जूत एक फाटक आहे अशी कल्पना. बारीक तंतूंतून येणारे वेदनेचे संदेश ते उघडतात, स्पर्श-दाबाचे जाड तंतू ते मिटवू पाहतात. पलंगाच्या कोपऱ्यावर गुडघा आपटला की आपण तो आपसूक चोळतो, त्यामागे हेच. पण निबंधातला खरा स्फोटक भाग तिसरा होता : मेंदूही वरून खाली आज्ञा पाठवून फाटक कमी-जास्त उघडतो. लक्ष, भीती, पूर्वीचे अनुभव, समोरच्या परिस्थितीचा अर्थ हे सगळं मज्जारज्जूपर्यंत उतरतं. बीचर यांच्या सैनिकांना पहिल्यांदाच शरीरात जागा मिळाली.

आराखड्यातले बरेच तपशील नंतर चुकीचे ठरले. टीकाही सडकून झाली. फाटक मात्र टिकलं. वॉल यांनी विल्यम स्वीट यांच्यासह १९६७ मध्ये विजेच्या सौम्य झटक्यांनी वेदना तात्पुरती थांबवून दाखवली. आज पेठेतल्या कुठल्याही फिजिओकडे चार चिकट पॅड लावून ‘करंट’ देतात, ते टेन्स यंत्र याच विचारातून आलं.

शब्दांच्या त्या वहीचंही पुढे काही झालं. संख्याशास्त्रात मुरलेले वॉरन टॉर्गरसन यांच्या मदतीने मेलझॅक यांनी शब्दांची प्रतवारी केली, आणि १९७५ मध्ये मॅकगिल वेदना प्रश्नावली आली. ७८ शब्द, २० गट. काही शब्द संवेदनेचे, काही वेदनेने होणाऱ्या भावनिक त्रासाचे, काही एकंदर तीव्रतेचे. रुग्णाने आपला शब्द निवडायचा. आपल्या ओपीडीत हे सगळं आकसून ‘शून्य ते दहात किती?’ एवढंच उरलंय. ठणका, कळ, चमक, रग, ठसठस, शिणका असं बोलणाऱ्या आजीबाईंकडून ‘सात’ वदवून घेणं मला तरी कंजूषपणा वाटतो. डॉक्टरांना एका रुग्णामागे पाच मिनिटं मिळतात, हेही खरं.

दुसरा धागा सिएटलचा. भूलतज्ज्ञ जॉन बोनिका यांनी एकेकाळी शिक्षणाच्या खर्चासाठी व्यावसायिक कुस्त्या मारल्या होत्या. वेदनेवर एकट्या डॉक्टरचं काम नाही, वेगवेगळ्या शाखांची माणसं एका टेबलाशी हवीत, हा त्यांचा हट्ट. १९७३ मध्ये त्यांनी सिएटलजवळ जगभरचे संशोधक जमवले आणि त्यातून वेदना-अभ्यासाची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. तिचं ‘पेन’ हे नियतकालिक १९७५ मध्ये निघालं. पहिले संपादक वॉलच.

बोनिका यांच्याच वॉशिंग्टन विद्यापीठात विल्बर्ट फोर्डाइस हे मानसशास्त्रज्ञ होते. १९७६ च्या त्यांच्या पुस्तकाने घराघरातल्या एका गोष्टीवर बोट ठेवलं. वेदना आत असते, पण कण्हणं, लंगडणं, आडवं होणं हे वागणं आहे, आणि वागण्याला आजूबाजूचे प्रतिसाद देतात. आपल्याकडचं दृश्य आठवा. सासऱ्यांनी कमरेला हात लावून ‘आई गं’ केलं की सूनबाई बाम आणि गरम पाण्याची पिशवी घेऊन हजर, टीव्हीचा आवाज बारीक. तेच सासरे उठून गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालतात तेव्हा कुणाचं लक्षही नसतं. यात लबाडी कुणाचीच नाही, सगळे प्रेमानेच वागतात. पण महिनोन्महिने काय शिकवलं जातंय? फोर्डाइस यांनी नियम उलटे केले. वेदनाशामक दुखल्यावर नाही, घड्याळाप्रमाणे द्यायचं आणि हळूहळू कमी करायचं. व्यायाम ‘दुखेपर्यंत’ नाही, आधी ठरवलेल्या आकड्याइतका : आज दहा मिनिटं म्हणजे दहाच, बरं वाटलं तरी अकरा नाही, नकोसं वाटलं तरी नऊ नाही. कौतुक चालण्याचं करायचं, कण्हण्याचं नाही.

पद्धत कोरडी आहे, आणि तसं त्यांच्या टीकाकारांनीही म्हटलं. वागणं बदललं, पण मनातल्या भीतीचं काय? १९८३ मध्ये डेनिस टर्क आणि सहकाऱ्यांनी विचारांवर काम करणारी पद्धत मांडली. १९९५ मध्ये मायकेल सलिव्हन यांची १३ विधानांची मापनश्रेणी आली. ‘हे आता कधीच थांबणार नाही’ असं माणूस किती धरून बसतो ते ती मोजते. २००० मध्ये योहान व्लेयन आणि स्टीव्हन लिंटन यांनी साखळी मांडली : दुखतं, म्हणून हालचालीची भीती, म्हणून हालचाल बंद, म्हणून स्नायू कमजोर, म्हणून आणखी दुखतं.

ही साखळी पुण्यात कुठे सुरू होते ते सांगायला तज्ज्ञ नको. ‘गादी सरकलीय’ एवढं कुणी म्हटलं की माणूस स्कूटर विकतो, मांडी घालून बसणं सोडतो, गणपतीत आरास करायलाही वाकत नाही. २०१५ मध्ये एका संशोधनगटाने पाठ अजिबात न दुखणाऱ्यांच्या स्कॅनचे अभ्यास एकत्र केले. मणक्यांमधल्या गाद्यांची झीज विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांत दिसली. फिल्मवरची झीज आणि कमरेतली कळ यांचं नातं आपण समजतो तितकं घट्ट नाही.

आणखी एक वळण आपल्या ओळखीचं आहे. १९७९ मध्ये जॉन कबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्सच्या रुग्णालयात ध्यान आणि योगाचा कार्यक्रम सुरू केला, आणि १९८२ मध्ये ५१ जुनाट वेदनाग्रस्तांवरचा निबंध दिला. बौद्ध ध्यानपरंपरेचा हा वारसा आपल्याकडे इगतपुरीच्या विपश्यना केंद्रात दहा दिवस मौन पाळून येणाऱ्यांना परका वाटणार नाही. २००५ मध्ये खुद्द ‘पेन’ नियतकालिकात जुनाट कंबरदुखीवर अय्यंगार योगाची चाचणी छापून आली. बी. के. एस. अय्यंगार यांची शिवाजीनगरची संस्था १९७५ पासून चालू आहे. तिथले दोर, पट्टे आणि विटा अमेरिकेतल्या वेदना-संशोधनापर्यंत पोहोचल्या.

कॅन्सरच्या बाबतीत हाच विचार लंडनहून आला. सिसिली सॉन्डर्स या ब्रिटिश डॉक्टरांनी १९६० च्या दशकात ‘संपूर्ण वेदना’ ही कल्पना मांडली : शरीराची, मनाची, कुटुंबाची, श्रद्धेची वेदना एकत्रच असते. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह, म्हणजे गंभीर आजारातला त्रास हलका करणारं, केंद्र १९९७ पासून रुग्णांबरोबर घरच्यांकडेही बघतं, ते या परंपरेतलं.

या सगळ्याचा उपयोग किती? उत्साहाला थोडा लगाम घालणारी आकडेवारी आहे. वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात जुनाट वेदनेवरच्या मानसशास्त्रीय उपचारांच्या ७५ चाचण्या तपासल्या. त्यांतल्या ५९ बोधात्मक वर्तन उपचारांच्या, म्हणजे विचार आणि वागणं दोन्हींवर काम करणाऱ्या पद्धतीच्या. या पद्धतीने वेदना, अकार्यक्षमता आणि मानसिक त्रास तिन्हींत फरक पडतो, पण लहान. अर्थात जुनाट कंबरदुखीवरच्या बहुतेक औषधांचा फरकही फारसा मोठा नसतो, हे इथे जोडून सांगायला हवं.

त्याच वर्षी वेदना-अभ्यासाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने वेदनेची १९७९ ची आपली व्याख्या सुधारली आणि सोबतच्या टिपणीत नोंदवलं की माणूस दुखतंय म्हणतो तेव्हा त्या सांगण्याचा मान राखायला हवा. २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या रोगवर्गीकरणात जुनाट वेदनेला स्वतःचं घर मिळालं, आणि त्यात ‘प्राथमिक जुनाट वेदना’ हे निदान आहे. दुसरा कुठलाही आजार त्या दुखण्याचं नीट स्पष्टीकरण देत नसेल आणि ते तीन महिन्यांहून अधिक टिकलं असेल, तर ते दुखणंच आजार म्हणून नोंदवता येतं. रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून निदानाची जागा रिकामी सोडायचं कारण आता डॉक्टरांकडे उरलेलं नाही.